मेट्रोचा धडा साक्रीकडच्या विहिरीत

मी धुळे जिल्ह्यातल्या एका पॉलिटेक्निकला सिव्हिल शिकवतो. बोगद्याचं चॅप्टर आलं की पोरं पेंगायला लागतात, त्यांचाही दोष नाही, धुळ्यात मेट्रो नाही, जळगावात नाही, आणि मुंबईला जाऊन मेट्रो ३ मध्ये बसवलं तरी एसी आणि चकाचक टाइल्स दिसणार, खडक कुठं दिसतोय! कुलाबा ते सीप्झ साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्टेशनं, त्यातली २६ जमिनीखाली, २०२४ च्या ऑक्टोबरात आरे ते बीकेसी चालू झाली आणि २०२५ च्या ऑक्टोबरात पार कफ परेडपर्यंत, हे सगळं पाठ करून पेपरात लिहितात आणि विसरतात.

म्हणून उन्हाळ्यात त्यांना साक्रीकडं एका शेतात नेलं. तिथं विहिरीचं काम चालू होतं, आणि विहीर नेमकी डाइकच्या काठावर. आपल्या धुळे-नंदुरबारकडं शेतांमधून सरळ रेषेत गेलेल्या काळ्या दगडाच्या लांबच लांब टेकड्या दिसतात ना, त्यातल्या बऱ्याच डाइक. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांना उभ्या भेगा पडल्या, त्यात परत खालून रस घुसला आणि तिथंच थिजला. मुंबईचा बोगदाही याच बेसाल्टच्या कुळातला, फक्त तिथं मधेमधे ब्रेशिया, टफ असले नरम प्रकार जास्त.

यारीच्या बादलीतून दोन-दोन पोरं खाली उतरवली, सुरुंग त्या दिवशी बंदच ठेवायला सांगितले होते. खाली बघतो तर तळाच्या एका बाजूला काळाकुळकुळीत डाइक, घण मारला की टण्ण वाजणारा, आणि हातभर पलीकडं मांजऱ्या, पहारीनं सुद्धा ढेकळं निघतील असा. मिक्स्ड फेस मिक्स्ड फेस म्हणून, म्हणजे खोदायच्या तोंडावर एकाच वेळी नरम आणि कडक दगड, मी वर्षानुवर्षं फळ्यावर जे काढत आलो ते हे, समोर.

विहिरीचे ठेकेदार आप्पा, वय साठीच्या पुढं, त्यांनी हात लावून दाखवलं, "सर, कठीन दगडनी भीती नही. दोन जातना दगड एक जागे भेटनात का मंग डोकं लावनं पडस." सगळीकडं सारखी भोकं मारून बार उडवला तर सगळा दम नरम बाजूनं निघून जातो आणि काळा दगड तसाच हसत उभा राहतो, म्हणून कडक बाजूला भोकं जवळजवळ घ्यायची. मी पोरांना म्हटलं, टीबीएमचं, म्हणजे बोगदा खोदणाऱ्या मशीनचं, दुखणंही हेच आहे बघा. मशीनचं पुढचं डोकं गोल फिरतं तेव्हा प्रत्येक फेऱ्यात कटर नरमातून येऊन कडकावर आदळतो, कटर तुटतात, आणि मशीनचं तोंड नरम बाजूला ओढलं जातं, मग मागचे जॅक कमीजास्त दाबून सरळ ठेवायचं. मेट्रो ३ ला अशी १७ मशीनं लावली होती, कृष्णा, गोदावरी, वैतरणा अशी नद्यांची नावं दिलेली.

पाण्यावरून तर आप्पा हसायलाच लागले. आपण पाणी लागावं म्हणून नारळ फोडतो, आणि बोगदेवाले पाणी लागलं की हादरतात! २०१९ ला कोलकात्यात बोबाजारला मशीन पाण्याच्या थराला भिडलं, वरची जमीन खचली आणि घरं कोसळली, ते सांगितल्यावर मात्र आप्पा गप्प झाले. हे मला आवडलं, नाहीतर वर्गात हा किस्सा सांगितला की मागच्या बाकावरून कोणीतरी "सर, परीक्षेला येईल का" विचारतंच.

मग त्यांनी असा प्रश्न टाकला जो माझ्या एकाही विद्यार्थ्यानं कधी विचारला नाही. मशीन मधेच फसली तर मागं कशी काढता? म्हटलं, नाही काढता येत आप्पा, ती पुढं जाता जाता मागं सिमेंटच्या रिंगा बसवत जाते, त्या रिंगांचं तोंड तिच्या डोक्यापेक्षा लहान, उलटं यायला वाटच नाही. अगदीच अडकली तर कधीकधी रस्त्यावरून सरळ खाली खड्डा घेत तिच्यापर्यंत पोचावं लागतं.

आप्पांनी गमछ्यानं तोंड पुसलं आणि यारीवाल्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "म्हंजे शेवट इहीरच खंदनी पडस ना!"