शाडूतला 338 चा बुद्ध: तिसरा आठवडा

हात मोडून पुन्हा केले. आता तिसऱ्यांदा.

नव्याने आलेल्यांसाठी: सॅन फ्रान्सिस्कोच्या एशियन आर्ट म्युझियममध्ये सोन्याचा मुलामा दिलेला एक कांस्य बुद्ध आहे, तो मी शाडूत घडवतोय. तारीख कोरलेल्या ज्या चिनी बुद्धमूर्ती माहीत आहेत, त्यांत ही सर्वांत जुनी. चीनच्या उत्तरकालीन झाओ राजवटीतलं, च्येनवू या कालखंडाचं चौथं वर्ष, म्हणजे इ.स. 338. मूळ उंची सुमारे 40 सेंमी, माझी 20.

ध्यानमुद्रा म्हटलं की तळवे वर, हातावर हात, मांडीवर विसावलेले. आपल्याकडच्या मूर्ती बघून हे बोटांत इतकं मुरलेलं की दोनदा तसेच हात केले. दोन्ही वेळा मूर्ती वेगळीच दिसायला लागली. मग फोटो मोठा करून तासभर नुसता बघत बसलो. इथे हात पोटासमोर धरलेत आणि तळवे आत, अंगाकडे वळलेत! मला वाटतं, घडवणाऱ्यापर्यंत मुद्रेचा आकार पोचला होता, नेमकी ठेवण नव्हती. आणि मी ती ठेवण 'दुरुस्त' करत होतो. आता आहे तशीच ठेवलीय, आणि पहिल्यांदाच ती मूर्ती ओळखू आली.

चीवराच्या चुण्यांनाही हेच लागू. गांधारच्या मूर्तीत कापड खांद्यावरून जड, तिरकं उतरतं. इथे छातीवर एकाखाली एक अर्धगोल, दोन्ही बाजूंना सारखे. मधली रेघ आधी आखून मग कोरणी चालवली तरच जमतं; नुसत्या नजरेने तिसरी चुणी हमखास सरकते.

मुलाम्याची चाचणी वेगळ्या तुकड्यावर सुरू आहे. चीनमधले कारागीर सोनं पाऱ्यात कालवून कांस्यावर लावत, तापवून पारा उडवत आणि उरलेलं मंद सोनं घोटून चमकवत. पाऱ्याची वाफ विषारी, त्यामुळे घरी हे करायचंच नाही. मी पितळी वर्ख वापरतोय. चुणीच्या खोबणीत तो फाटतो. खाली गेरूचा हात दिला की फट डोळ्यांना खुपत नाही.

शनिवारी चेहरा घेणार. त्यानंतर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमधला 486 चा मैत्रेय, म्हणजे भावी बुद्ध, पण फक्त छातीचा भाग. 140 सेंमीची ती मूर्ती, चीवर अंगाला चिकटलेलं आणि चुण्या दोऱ्यासारख्या उठलेल्या. कोरण्याऐवजी मातीच्या बारीक वळ्या चिकटवून बघणार आहे. कोणी केलं असेल तर माती किती ओली ठेवली ते सांगा.