नोंदवहीतला रिकामा रकाना

गेल्या हिवाळ्यात धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही लोकजैवविविधता नोंदवहीचे, म्हणजे गावातल्या झाडाप्राण्यांची आणि त्यांविषयीच्या लोकांच्या ज्ञानाची नोंद करण्याचे काम करत होतो. मी शहाद्याला वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि अशा कामाला सातपुड्यातलेच विद्यार्थी सोबत नेतो, कारण मला अहिराणी येते, पण तिथल्या पावरा आदिवासींची पावरी येत नाही. त्या दिवशी एक पावरा आजोबा आम्हाला रानकंद खणून दाखवत होते. वाळलेला वेल जिथे जमिनीत शिरला होता तिथली माती त्यांनी आधी हाताने मोकळी केली, मग पहार लावून कंद वर काढला, त्याचा डोळा असलेला वरचा तुकडा विळ्याने कापला, तो त्याच खड्ड्यात परत ठेवला आणि माती लोटून पायाने हलकेच दाबली. मी झाडाचे नाव, ऋतू आणि खाण्यातला उपयोग लिहून घेतला. औषधी उपयोगाच्या रकान्यापाशी आलो तेव्हा आजोबा माझ्या विद्यार्थ्याशी काहीतरी बोलले. तो जरा संकोचून म्हणाला, "सर, बाबा विचारतायत, हे लिहून तुम्ही कुठे नेणार आणि मग ते कोणाचं होणार?" काही वर्षांपूर्वी बाहेरून कोणी आले होते, त्यांनी दोन दिवस फोटो काढले, आवाज भरून नेला आणि लिहिलेल्याची साधी प्रतही कधी पाड्यावर पाठवली नाही, हेही त्याने सांगितले.

माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. ते शोधत असताना मी न्यूझीलंडच्या मूळनिवासी माओरी लोकांविषयी वाचू लागलो, कारण हाच प्रश्न त्यांनी सरकारच्या दारात नेऊन उभा केला आहे.

६ फेब्रुवारी १८४० रोजी वाइटांगी येथे ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यात करार झाला. त्याचे इंग्रजी आणि माओरी मसुदे एकमेकांशी जुळत नाहीत. इंग्रजी मसुद्यात सार्वभौमत्व दिल्याचे म्हटले आहे, तर माओरी मसुद्यात केवळ कारभार पाहण्याचा अधिकार दिला असून जमिनी, वस्त्या आणि 'ताओंगा', म्हणजे मोलाचा सगळा ठेवा, यांवरचा पूर्ण अधिकार माओरींकडेच राहील अशी हमी आहे. सह्या करणाऱ्या पाचशेहून अधिक प्रमुखांपैकी बहुतेकांनी माओरी मसुद्यावरच सही केली होती. करारभंगाच्या तक्रारी ऐकण्यासाठी १९७५ मध्ये वाइटांगी न्यायाधिकरण स्थापन झाले आणि १९८५ मध्ये त्याला थेट १८४० पासूनच्या तक्रारी तपासण्याचा अधिकार मिळाला.

या न्यायाधिकरणापुढे १९९१ मध्ये सहा अर्जदारांनी दाखल केलेला दावा 'वाइ २६२' या क्रमांकाने ओळखला जातो, आणि आजोबांच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारा दस्तऐवज मला तोच वाटतो. देशी वनस्पती, प्राणी, कला आणि त्यांच्याशी जोडलेले ज्ञान यांवर निर्णयाचा अधिकार कोणाचा, असा तो दावा होता. अहवाल यायला २०११ उजाडले आणि तोवर बहुतेक अर्जदार हयात राहिले नव्हते. न्यायाधिकरणाने एखाद्या प्रजातीची सरसकट मालकी माओरींना दिली नाही, परंतु ज्या कुळाचे एखाद्या वनस्पतीशी पिढ्यान्‌पिढ्यांचे राखणदारीचे नाते आहे, त्या कुळाला तिच्या व्यापारी वापराबाबत विचारलेच पाहिजे, हे तत्त्व मान्य केले. या राखणदाराला माओरी भाषेत 'काइतिआकी' म्हणतात. मालकी आणि राखण यांत केलेला हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आमच्या आजोबांनीही कंद आपला आहे असे कधी म्हटले नव्हते. त्यांनी डोळा परत पुरला होता, एवढेच.

हराकेके नावाच्या, लांब पात्यांच्या झुडपाच्या धाग्यापासून माओरी टोपल्या, चटया आणि वस्त्रे विणतात. त्याचा मधला कोवळा कोंब म्हणजे मूल आणि त्याच्या दोन्ही बाजूंची पाती म्हणजे आईबाप, म्हणून या तिघांना हात लावायचा नाही आणि फक्त बाहेरची, आजीआजोबांची पाती तिरपी कापायची, असा नियम आहे. कोंब कापला तर ती फांदी संपते. हे मी वाचले तेव्हा मला सातपुड्यातली ती पहार आणि तो खड्डा आठवला.

ज्यांना या विषयात उतरायचे आहे त्यांच्यासाठी बरीच साधने खुली आहेत. 'ते आरा' हा न्यूझीलंडचा विश्वकोश विनामूल्य वाचता येतो, न्यायाधिकरणाचे अहवाल पूर्ण उपलब्ध आहेत आणि एकोणिसाव्या शतकातली माओरी वृत्तपत्रेही संगणकावर पाहता येतात. माओरींच्या वनस्पती-उपयोगांचा 'ङा तिपु व्हाकाओरांगा' हा माहितीसंग्रह तर माझ्या विद्यार्थ्यांनी आवर्जून पाहावा. संशोधनाच्या पद्धतीविषयी लिंडा तुहिवाइ स्मिथ यांचे १९९९ चे पुस्तक आहे, ज्यात संशोधन हा शब्दच मूळनिवासींच्या जगात किती डागाळलेला आहे ते त्यांनी मांडले आहे. 'ते हिकू मीडिया' या माओरी संस्थेने आपल्या लोकांच्या आवाजाच्या नोंदी वापरून भाषा ओळखणारी संगणकप्रणाली तयार केली, पण त्या नोंदी बाहेरच्या कंपन्यांच्या हवाली केल्या नाहीत. आवाज ज्यांचा, निर्णय त्यांचा, ही भूमिका त्यांनी सोडली नाही.

आपल्याकडे हळदीचे अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द करून घेतले गेले आणि पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभारण्याचे काम सुरू झाले, याचा मला अभिमान आहे. तथापि त्या ग्रंथालयाचा पाया प्रामुख्याने आयुर्वेद, युनानी, सिद्ध अशा लिखित ग्रंथांचा आहे. पावरा, भिल्ल आणि तडवी यांचे ज्ञान कोणत्याही ग्रंथात नाही. ते तोंडी आहे, म्हणून ते अधिक उघडे पडते. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समूहाचा बौद्धिक संपदा हक्क स्पष्टपणे लिहिलेला आहे, परंतु वनहक्क म्हटले की आमच्या भागात केवळ जमिनीच्या पट्ट्यांचीच चर्चा होते आणि या ओळीकडे कोणी पाहत नाही. ती ओळ मी त्या पाड्यावर, झाडाखाली बसून, विद्यार्थ्याकडून पावरीत वाचून घेतली.

त्यानंतर आम्ही वहीत दोन रकाने वाढवले: माहिती कोणी दिली, आणि ती कोणाला दाखवायला त्यांची संमती आहे. मूळ वही ग्रामसभेकडे राहील आणि आमच्याकडे फक्त ग्रामसभेने मान्य केलेल्या पानांची प्रत असेल, असेही ठरले. काम मंदावले आहे हे खरे, आणि मला त्याचे वाईट वाटत नाही.

आजोबांनी कंदाचे नाव, जागा आणि तो परत पुरण्याची रीत लिहू दिली. औषधाचा रकाना मात्र त्यांनी रिकामा ठेवायला सांगितला, कारण ते औषध त्यांच्या भावालाही ठाऊक आहे आणि त्याला विचारल्याशिवाय सांगणे बरोबर नव्हे. त्या जागी विद्यार्थ्याने 'सांगितले नाही' असे लिहिले आणि खाली आजोबांचा अंगठा घेतला. पावसाळी भाज्यांच्या नोंदीसाठी आता आम्ही नवाईचा, म्हणजे नव्या पिकाचा सण झाल्यावर जाणार आहोत. भाऊही तेव्हा येणार आहे.