सहा पांढरे कप, एक काळा

विहिरीच्या पाण्याला ब्लीचिंग पावडर किती लागेल ते ठरवणारा हॉरॉक्सचा संच प्रत्येक मेडिकल कॉलेजात असतो. बहुतेक ठिकाणी काचेच्या कपाटात, तोंडी परीक्षेपुरता. प्रयोगशाळेत नळाच्या पाण्यावर प्रात्यक्षिक केलं की पहिलाच कप निळा होतो, कारण त्या पाण्यात क्लोरीन आधीच असतं. त्यातून शिकायचं काय? आपल्या पीएसएम (प्रतिबंधात्मक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागाने हा संच विहिरीवर नेला, याचं मोल आज कळतं.

आधी विहीर मोजायची. व्यास तीन-चार दिशांनी घेऊन सरासरी काढायची; गावची विहीर काही कंपासाने आखलेली नसते, आणि सूत्रात व्यासाचा वर्ग येतो. चारऐवजी साडेचार मीटर धरलं तर पाणी सव्वापटीहून जास्त दिसतं. खोलीसाठी दोराला दगड. 4 मीटर व्यास आणि 3 मीटर पाणी म्हणजे सुमारे 37,680 लिटर.

मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, तीही ग्रामपंचायतीच्या, विहिरीत पडणार असलेल्या पोत्यातलीच. ताज्या पावडरीत क्लोरीन 33 टक्क्यांच्या आसपास असतं. ओल लागलेल्या पोत्यात किती उरलंय ते डोळ्यांना दिसत नाही. काळ्या कपात सपाट चमचाभर, म्हणजे 2 ग्रॅम, कालवून खुणेपर्यंत पाणी. सहा पांढऱ्या कपांत विहिरीचं पाणी आणि त्यात या द्रावणाचे अनुक्रमे एक ते सहा थेंब. ढवळून अर्धा तास थांबायचं (विद्यार्थ्यांची घाई इथेच होते), मग प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब; क्लोरीन उरलं असेल तिथे पाणी निळं होतं. निळा होणारा पहिला कप तिसरा असेल तर 455 लिटरला तीन चमचे, म्हणजे 6 ग्रॅम, या विहिरीला जवळपास अर्धा किलो. ऐनवेळी दुसरं पोतं फोडलं की हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

पावडर थेट विहिरीत भिरकावायची नाही. बादलीमागे 100 ग्रॅमपेक्षा जास्त न घेता कालवायची, पाच-दहा मिनिटं चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळलेलं पाणी तेवढं दुसऱ्या बादलीत घ्यायचं. गाळ विहिरीत गेला तर पाणी जड होतं. ही बादली दोराने पाण्याखाली सोडून जोरात हिसके द्यायचे. तासाभराने ओटी टेस्टला (पाण्यात उरलेलं क्लोरीन दाखवणारी ऑर्थोटोलिडीन चाचणी) लिटरमागे 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन दिसलं पाहिजे. कमी भरलं तर पुन्हा टाकायचं.

आणि तो एक तास विहीर बंद हवी. सकाळी हे काम काढलं की बायका घागरी घेऊन खोळंबतात, कुणीतरी वास मारणारं पाणी भरून नेतं आणि उरलेल्या ओढ्याकडे वळतात. म्हणून रात्रीची वेळ धरायची, शेवटची घागर घरी गेल्यावर.