सात टाके

करारावर सही आहे, त्यामुळे मालिकेचं नाव सांगता येत नाही. एवढं सांगते, की ऐकायच्या रहस्यकथांची ती मालिका आहे, नायिका खासगी गुप्तहेर आहे आणि दर दोन-तीन भागांनी ती कुणाच्या ना कुणाच्या मिठीत सापडते. पुढचं सगळं सविस्तर असतं. ‘फक्त अठरा वर्षांवरील श्रोत्यांसाठी’ ही सूचना प्रत्येक भागाआधी मीच वाचते, एसटी स्टँडवरच्या उद्घोषणेच्या सुरात.

आवाजाचं काम मी बावीस वर्षं करतेय. द्राक्षांवरच्या औषधांच्या जाहिराती, लग्नसमारंभांचं निवेदन, एका बँकेच्या फोनवरचं ‘मराठीसाठी दोन दाबा’, हे सगळं केलंय. प्रणयप्रसंग कधी वाचले नव्हते. सातव्या भागापर्यंत ते आलेही नाहीत, म्हणजे असे आले नाहीत.

मे महिना होता. पंचवटीतून निघून रामवाडीच्या पुलावरून गंगापूर रोडला पोहोचेपर्यंत अ‍ॅक्टिव्हाची सीट तव्यासारखी तापली होती. स्टुडिओ म्हणजे एका जुन्या बंगल्याची मागची खोली, भिंतींना फोम लावलेली. रेकॉर्डिंग चालू असताना एसी बंद ठेवावा लागतो, कारण त्याची घरघर माइकमध्ये येते. साडी सुती नेसायची, सिल्क सळसळतं. सकाळपासून चहा-दूध नाही, दोन सफरचंदं खायची, म्हणजे तोंडात चिकट आवाज होत नाहीत. बांगड्या बाहेर काढून ठेवायच्या. त्या दिवशी पहिल्याच परिच्छेदात काचेपलीकडून रेकॉर्डिंग करणाऱ्या मुलाचा आवाज आला, “ताई, काहीतरी किणकिणतंय.” शोधलं तर मंगळसूत्र. श्वास जड करून वाचताना मी पुढे झुकत होते आणि वाट्या स्टँडवर आपटत होत्या. शेवटी काढलं, रुमालात गुंडाळलं आणि स्टँडखाली ठेवलं. मग ते प्रकरण वाचायला घेतलं. यातला विनोद मला तेव्हाच कळला होता, पण काचेपलीकडे चोवीस वर्षांचा मुलगा बसलेला, कुणाला सांगणार?

तो मुलगा कामात फार चोख आहे. दिंडोरीकडचा, घरची द्राक्षबाग सोडून आवाजाच्या नादाला लागलेला. मला ताई म्हणतो आणि याच शब्दाने त्या दिवशी घात केला. “ताई, तो उसासा जरा आधी सुरू करू.” “ताई, ‘बाहुपाश’ला फुटतंय, पॉप फिल्टरपासून बोटभर मागे व्हा.” “ताई, ‘आणखी जवळ’ हे तुम्ही पोळी वाढल्यासारखं म्हणताय.” खरंच तसंच म्हणत होते. चौथ्या टेकला दोघंही हसत सुटलो आणि मग दहा मिनिटं काही केल्या गंभीर होता येईना.

खरी अडचण मात्र लाजेची नव्हती, शब्दांची होती. संहितेत ‘उरोज’ होते, ‘नितंब’ होते, ‘कटी’ होती. हे शब्द मोठ्याने उच्चारून बघा. संस्कृतच्या तोंडी परीक्षेला उभं राहिल्यासारखं वाटतं. ते खोडले तर त्या जागी उरतात ते रविवार कारंज्यावर रिक्षावाल्यांच्या भांडणात ऐकू येणारे. मधलं काही नाहीच. आणि जिथे संस्कृत नव्हतं तिथे इंग्रजी मराठीच्या वेशात आलेलं: ‘तिच्या मणक्यातून एक शिरशिरी खाली धावली.’ मराठी बाईच्या अंगावर काटा येतो हो, मणक्यातून काही धावत नाही.

याचा राग येतो, कारण ही भाषा अशी मुकी नव्हती. गाथासप्तशती सातवाहन राजा हाल याच्या नावावर आहे, आणि त्या सातवाहनांचे शिलालेख आमच्या पांडवलेण्यात आहेत. गौतमीपुत्राच्या आईचा, बलश्रीचाही आहे. महाराष्ट्री प्राकृतातल्या त्या सातशे गाथांमध्ये कितीतरी बायकाच बोलतात. परगावी गेलेला नवरा, गोदेचा काठ, शेजारणीला घातलेलं कोडं, सगळं सूचक आणि सगळं कळणारं. लावणीनेही तेच केलं. मग मधल्या काळात आपण कुठेतरी घाबरलो. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा १९६२च्या ‘रंभा’च्या दिवाळी अंकात आली, अश्लीलतेचा खटला झाला आणि ती अश्लील नाही हे सर्वोच्च न्यायालयाकडून ऐकायला १९६९ उजाडलं. आमच्या निर्मात्यांच्या वकिलांनीही टाळायच्या शब्दांची यादी पाठवली होती. तिच्यात ‘नितंब’ नव्हतं. माझ्या मते ते पहिलं हवं होतं.

वाचत पुढे गेले. प्रसंग असा: नायिका एका संशयिताच्या मागावर गंगापूर धरणाजवळच्या बंगल्यात पोहोचते. (उंच टाचांच्या चपला घालून. मुंबईच्या खासगी गुप्तहेर रजनी पंडित एका प्रकरणात मोलकरीण बनून राहिल्या होत्या, हे त्यांनी मुलाखतींत सांगितलंय. आमची बाई मात्र जिथे जाईल तिथे चारचौघांत उठून दिसते. असो.) बाहेर पाऊस, वीज गेलेली, मिट्ट काळोख. मग दीड पान ते. आणि त्या दीड पानाच्या शेवटी तिला ‘त्याच्या डाव्या खांद्यावरचा व्रण दिसतो’ आणि चोर हाच हे तिला कळतं, कारण पळताना काचेने कापून त्याला खांद्यावर टाके पडलेले असतात.

इथे वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली. आम्ही थांबलो. दुसरी झाली, तिसरी झाली, डाळ असावी. त्या तीन शिट्ट्यांच्या अवधीत मी मागचं पान पुन्हा पाहिलं.

“अरे, वीज गेलीय ना?”

“गेलीय.”

“मग व्रण दिसला कसा?”

माझे वडील रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांचे भक्त. धनंजय, झुंजार, काळा पहाड ही नावं मी शाळेतल्या धड्यांआधी ऐकली. पुस्तक हातातून काढून घेऊन ते विचारायचे, ‘आत्तापर्यंत तुला काय काय माहीत झालंय?’ त्यामुळे अशी चूक दाताखाली खडा आल्यासारखी लागते. लेखकांना फोन लावला. ते ठाण्याला असतात, स्वभावाने गरीब.

“मॅडम, अशा प्रसंगात श्रोता एवढं बघत नाही हो.”

“सर, रहस्यकथेचा श्रोता तेवढंच बघतो. बाकीचं ऐकतो.”

“विजा चमकवू का?”

“विजा नकोत. मराठी सिनेमात पुरेशा चमकून झाल्यात. तिचे हात कुठे आहेत या वेळी?”

पलीकडे शांतता. मग ते म्हणाले, “खांद्यावरच असतील की.”

“मग तिला बोटांनी कळू दे ना.”

ते विचारू लागले, की जुने टाके बोटाला कसे लागतात. मला माझे सिझेरियनचे माहीत होते, पण तिथली कातडी वेगळी आणि वीस वर्षांत हात लावायचं मी सोडून दिलंय. तेव्हा काचेपलीकडचा मुलगा आत आला आणि शर्टाची बाही वर केली. कोपरापासून मनगटाकडे लांब खूण. बागेत ट्रॅक्टरवरून पडला होता, नववीत असताना. “बघा ताई. म्हणजे, बघू नका.”

डोळे मिटले आणि बोट फिरवलं. कडा दोऱ्यासारख्या उंच, मधली पट्टी गुळगुळीत, आजूबाजूच्या कातडीपेक्षा किंचित गार. आडवे टाके जिथे होते तिथे बारीक गाठी, ज्वारीच्या कण्यांएवढ्या. मी मोजले. लेखक फोनवर ऐकत होते. “सात.”

“नऊ आहेत,” मुलगा म्हणाला.

पुन्हा मोजले. पुन्हा सातच. दोन टाके शेवटी इतके जवळ होते की बोटाला एकच वाटत होते, आणि एक पुसट झाला होता.

“थांबा थांबा,” ठाण्याहून आवाज आला, आणि फोन बंद.

चाळीस मिनिटांनी नवं पान आलं. त्यात उरोज नव्हते, मणका नव्हता. अंधार होता, पावसाचा आवाज होता आणि एक बाई एका माणसाच्या खांद्यावरून सावकाश बोट फिरवत होती. त्याला वाटतं ती रमलीय. ती रमलीही आहे, आणि मोजतेही आहे. सातपर्यंत येते. दवाखान्याच्या कागदावर नऊ लिहिलेले तिला आठवतात. तिचं बोट थांबतं. तो विचारतो, “काय झालं?” ती म्हणते, “काही नाही.”

एवढंच. पहिल्या वाचनाला मी अडखळले नाही. बोटाच्या टोकाला ती गार पट्टी अजून होती, तिनेच वाचून घेतलं म्हणायचं. “काही नाही” म्हटल्यावर मुलाने रेकॉर्डिंग लगेच थांबवलं नाही. मग बऱ्याच वेळाने टॉकबॅकवर आला. “ताई, झालं. तीस सेकंद गप्प बसा, रूम टोन घेतो.” रूम टोन म्हणजे कुणी बोलत नसतानाचा खोलीचा आवाज. आम्ही दोघं तीस सेकंद गप्प बसलो. बाहेर कोकिळा ओरडत होती, तीही माइकमध्ये आली. काढून टाकूया का म्हणाला. मी म्हटलं, पाऊस चालू आहे ना, मग काढ.

घरी पोहोचले तेव्हा सात वाजून गेले होते. दार सासूबाईंनी उघडलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय, दुधाच्या पिशवीवरची तारीख त्यांना दिसत नाही. त्यांनी आधी माझ्या गळ्याकडे पाहिलं, मग मनगटांकडे, मग पुन्हा गळ्याकडे.

“स्टुडिओत राहिलं,” मी म्हणाले. “उद्या आणते.”

“काढायला का लागलं?”

“आवाज येत होता.”

त्या आत वळल्या, पुन्हा थांबल्या.

“वाचत काय होतीस?”

“रहस्यकथा.”

“मग? चोर सापडला का?”

“नाही अजून,” मी म्हणाले. “दोन टाके कमी पडतायत.”