कंपायलरवर आळ घेण्याआधी

"कंपायलरचा बग आहे", म्हणजे आपला कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रामच चुकतोय, असं कुणी म्हटलं की आमच्या भोसरीच्या ऑफिसात आधी हशा पिकतो. पिकायलाच हवा. ओ-झिरोवर (ऑप्टिमायझेशन बंद) नीट चालणारा आणि ओ-टूवर (कोड वेगवान करणारं ऑप्टिमायझेशन चालू) बिघडणारा कोड म्हणजे बहुतेकदा आपलीच करणी: साइन्ड इंटिजरचा ओव्हरफ्लो, भलत्याच टाइपच्या पॉइंटरमधून वाचलेली मेमरी, इंटरप्टमध्ये बदलणाऱ्या व्हेरिएबलला न लावलेलं व्हॉलटाइल ('ही किंमत मध्येच बदलू शकते' ही खूण). जीसीसी या प्रसिद्ध कंपायलरचे लोक तर तक्रार लिहिण्याआधीच बजावतात की सगळ्या वॉर्निंग चालू करा, स्ट्रिक्ट एलियसिंग (वेगळ्या टाइपचे पॉइंटर एकाच मेमरीकडे बोट दाखवत नाहीत हे गृहीतक) बंद करून बघा, रॅपव्ही (ओव्हरफ्लो झाला तर आकडा गुंडाळून घेणारा पर्याय) लावून बघा. त्यानं दुखणं गेलं, तर दोष बहुधा तुमच्या कोडचा.

पंपाच्या कंट्रोलरमधला आमचा चेकसम (डेटा शाबूत आहे का हे पडताळणारा आकडा) ओ-टूवर चुकत होता, आणि त्याला यातलं काहीच लागू पडेना. कंपायलर चिपवाल्या कंपनीनंच दिलेला. त्यांच्या सपोर्टचं उत्तर आलं, "पूर्ण प्रोजेक्ट पाठवा." ग्राहकाशी एनडीए (गुप्ततेचा करार) असताना पाठवणार काय, कपाळ? मॅनेजर म्हणाले, "त्या फंक्शनपुरतं ऑप्टिमायझेशन बंद कर आणि रिलीज काढ." रिलीज काढला. पण नेमकं काय बिघडतंय हे कळल्याशिवाय बाकीच्या कोडवर भरवसा कसा ठेवायचा?

मग टेस्ट केस छाटायला बसलो, म्हणजे बग दिसत राहील एवढाच कोड ठेवायला. प्रीप्रोसेस केलेली फाइल घेतली, कारण तिच्यात हेडरं आधीच ओतलेली असतात आणि समोरच्याला आणखी काही मागावं लागत नाही. अशा हजारो ओळी हातानं कोण छाटणार? त्यासाठी सी-रिड्यूस आहे. युटा विद्यापीठात जॉन रेगर यांच्या गटानं केलेलं हे टूल. त्याच गटाचं सीस्मिथ आपोआप सी प्रोग्राम रचून कंपायलरांना खिंडीत गाठतं. २०११ च्या त्यांच्या पेपरात ३२५ हून अधिक नवे बग कळवल्याची नोंद आहे. म्हणजे कंपायलर चुकतात, हेही खरं.

सी-रिड्यूसला दोन गोष्टी द्यायच्या: फाइल, आणि 'अजून बग दिसतोय का' हे सांगणारी स्क्रिप्ट. खरी मेहनत त्या स्क्रिप्टमध्येच आहे. आमच्याकडे नुकत्याच लागलेल्या मुलीनं पहिली अट लिहिली ती साधी, की ओ-झिरो आणि ओ-टूची उत्तरं वेगळी यायला हवीत. जेवून येईपर्यंत चिमुकला प्रोग्राम तयार! ती खूश. बघतो तर त्यात व्हेरिएबलला किंमतच दिलेली नाही, कचरा वाचून कचरा छापतोय. सी-रिड्यूसला तुमच्या बगचं सोयरसुतक नसतं. अट पाळली जातेय ना, मग तो वाटेल ते उडवतो.

म्हणून अटी वाढवत गेलो. होस्टवर (आपल्या पीसीवर) अ‍ॅड्रेस आणि अनडिफाइन्ड सॅनिटायझरनं (कोड चालताना मेमरीच्या आणि भाषेच्या नियमांच्या चुका पकडणाऱ्या तपासणीनं) एक शब्दही काढता कामा नये. किंमत न देता वापरलेल्या व्हेरिएबलची वॉर्निंग म्हणजे सरळ एरर. सिम्युलेटरवर (चिपची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) टाइमआउट हवाच, कारण सी-रिड्यूस लूपमधला 'आय प्लस प्लस' बिनदिक्कत उडवतो आणि मग तो प्रोग्राम थांबतच नाही. शिवाय ओ-झिरोचं उत्तर ठरलेलंच यायला हवं. (टाइमशीटमध्ये या कामाला कोड नाही. मी ते 'इतर'मध्ये टाकते आणि कुणी विचारत नाही.)

शेवटी उरल्या वीसेक ओळी. एक लूप, एक शिफ्ट, आठ बिटांचा काउंटर. व्हेरिएबलांची नावंही ए, बी, सी झालेली. लीगलच्या मॅडमना फाइल दाखवली तर त्या म्हणाल्या, "यात आपलं काय आहे?" काहीच नव्हतं, म्हणून परवानगी उभ्या उभ्या मिळाली. माझ्या मते छाटणीचा हा फायदा कुणी पुरेसा सांगत नाही.

त्याच ओळी ताज्या जीसीसीवर टाकल्या तर उत्तर बरोबर. चिपवाल्यांचा कंपायलर आतून जीसीसीच, पण जुन्या आवृत्तीवर बेतलेला. तक्रारीत दोन्ही आवृत्त्यांचे आकडे, टार्गेट, कमांडची अख्खी ओळ, अपेक्षित उत्तर आणि मिळालेलं उत्तर, एवढंच लिहिलं. कंपायलरचा कुठला पास (ऑप्टिमायझेशनचा टप्पा) बिघडला असेल याचे तर्क मुद्दाम गाळले. ते त्यांना आपल्याहून बरं कळतं.

या वेळी प्रोजेक्ट मागितला नाही. "पुढच्या रिलीजमध्ये दुरुस्ती," एवढंच आलं. तोवर ती फाइल आम्ही रात्रीच्या बिल्डमध्ये टाकली आहे. नवा कंपायलर आला की आधी ती चालवायची, मगच त्या फंक्शनवरचं ऑप्टिमायझेशन परत चालू करायचं.