मोठेबाबांची ट्राम

सकाळपासून पावसाची झड. डवरणी बंद, म्हणून ओसरीत मोठेबाबांजवळ बसलो. तरुणपणी ते मुंबईला परळच्या गिरणीत होते.

"ट्राम पाह्यली ना बाबू म्या. शेवटच्या दिवशी रस्त्याच्या दोन्हीकडं माणसंच माणसं."

३१ मार्च १९६४, बोरीबंदर ते दादर. घरातलं माणूस जावं तसं ते सांगत होते. ट्राम गेली आणि बसचा भार वाढला. खरं तर मोटारबस १९२६ पासूनच होती, पहिला मार्ग अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. १९३७ ला डबलडेकर आली. तारांवर चालणारी ट्रॉलीबसही मधे येऊन १९७१ ला गेली.

जुनी लाल डिझेल डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाली, तो व्हिडिओ मी दाखवला. फुलांचे हार घातलेली गाडी ते खूप वेळ पाहत राहिले. मग डोळे पुसले. मलाही भरून आलं.

आमच्या गावची मुक्कामी गाडी बंद झाली तेव्हा कोणी हार घातला नाही. एका संध्याकाळी ती आलीच नाही. मोठेबाबा मात्र त्या दिवशीही फाट्यावर अंधार पडेपर्यंत उभे होते.