पासवर्ड माझ्या डोक्यात होते

२००६ साली भोसरी एमआयडीसीत, एस ब्लॉकमधल्या भाड्याच्या गाळ्यात दोन जुन्या लेथवर आम्ही टर्निंगची, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांसाठी धातूचे भाग कातून देण्याची, जॉबवर्क सुरू केली. आज संगणकावर चालणाऱ्या सात सीएनसी लेथ आणि दोन व्हीएमसी (मिलिंगची मशिनं) आहेत, सव्वीस माणसं आहेत. मशिनं कशी वाढली ते पुन्हा कधीतरी सांगेन. ती वाढत असताना मी कसा संपत चाललो होतो आणि त्यातून बाहेर कसा आलो, ते आज लिहितोय. माझ्यासारखे मालक आमच्या ब्लॉकमध्येच कितीतरी आहेत.

पहिली दहा वर्षं सगळं मीच करायचो आणि त्याचा मला अभिमान होता. सकाळी पहिला पीस मी तपासायचा, दुपारी इन्सर्ट, म्हणजे मशिनला लागणारी कापायची पाती, आणायला जायचं, संध्याकाळी चलानं, जेवणानंतर घरी बिलं. चार माणसं होती तोवर हे जमलं. मग १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. त्याच सुमारास माणसं वीसच्या वर गेली आणि पीएफ लागू झाला. दर महिन्याच्या सात तारखेला टीडीएस (कापून घेतलेला कर), अकराला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण), पंधराला पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा), वीसला थ्री-बी (जीएसटीचं महिन्याचं विवरण). कर सल्लागार होते, पण त्यांना हवी ती माहिती गोळा करून देणारा पुन्हा मीच. रात्रीचे साडेबारा व्हायचे. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, तर मी गाळ्याचं शटर अर्धं उघडून आत कागद लावत बसायचो.

थकवा झोपेने जातो. हा जात नव्हता. फोन वाजला की पोटात गोळा यायचा. नवीन ड्रॉईंग हातात आलं की पूर्वी त्यातला अवघड टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) शोधायला मजा यायची, आता ते टेबलावर तसंच पडून राहायचं. पोरांवर विनाकारण ओरडायचो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद रोग म्हणून न करता कामाशी निगडित स्थिती म्हणून केली. न हटणारा थकवा, कामाबद्दल येणारा दुरावा आणि हातून नीट काम न होणं, ही त्याची तीन लक्षणं. मी हे पुष्कळ उशिरा वाचलं. वाचताना प्रत्येक ओळीला मी स्वतः दिसत होतो.

डोळे उघडले ते मात्र दुसऱ्याच कारणाने. डिसेंबर २०१८ मध्ये आई घरात पडली आणि तिचं खुब्याचं ऑपरेशन साताऱ्याला करावं लागलं. मी ऑपरेशन थिएटरच्या बाहेर, फोन बंद. इकडे मध्य प्रदेशात पीथमपूरला जाणारा माल पॅक होऊन तयार, ट्रान्सपोर्टची गाडी दारात. राज्याबाहेर जाणारा पन्नास हजारांवरचा माल, ई-वे बिलाशिवाय, म्हणजे सरकारी पोर्टलवर काढायच्या वाहतुकीच्या कागदाशिवाय, हलणार कसा? पोर्टलचा पासवर्ड फक्त मला माहीत. बँकेचा ओटीपीही माझ्याच फोनवर, त्यामुळे ट्रान्सपोर्टचे पैसेही अडले. गाडी पाच तास थांबून रिकामी गेली. संध्याकाळी फोन लावला तेव्हा आमचे मामा, जे पहिल्या लेथपासून माझ्याबरोबर आहेत, एवढंच म्हणाले, "दादा, आमच्या हातात काहीच नव्हतं हो."

ते वाक्य मला फार लागलं. बारा वर्षं काम केलेल्या माणसाच्या हातात मी काहीच दिलं नव्हतं.

पुढच्याच महिन्यात ऑफिससाठी पूर्णवेळ ताई नेमल्या. बी.कॉम. झालेल्या, मुलांसाठी सात वर्षं घरी होत्या. तेवढ्या पगारात एक ऑपरेटर आला असता, असं मला जवळच्या चौघांनी सांगितलं. कागदाचं काम म्हणजे मालकाने किंवा मालकाच्या बायकोने फुकटात उरकायची गोष्ट, असं आपल्याकडे मानतात. हे मला मनापासून चुकीचं वाटतं. ताईंनी दोन महिन्यांत जुनी येणी बिलानुसार लावली, तेव्हा आम्ही कधी विचारलीच नव्हती अशी तीन लाखांच्या आसपासची रक्कम निघाली. त्यातली बरीचशी वसूल झाली. पुढे उद्यम नोंदणीचा, म्हणजे लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीचा, नंबर प्रत्येक बिलावर छापायला त्यांनीच लावला. आम्ही लघुउद्योग असल्यामुळे ठरलेल्या मुदतीत, फार तर ४५ दिवसांत, आमचे पैसे दिले नाहीत तर गिऱ्हाईकाला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षीच्या आयकरात दाखवता येतो, आधी नाही. ही तरतूद २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झाल्यावर त्यांच्या फोनला वजन आलं.

पासवर्डचं काम तुलनेने सोपं निघालं. ई-वे बिलाच्या पोर्टलवर सब-युजर करता येतो, तो ताईंच्या नावाने केला. बँकेत एकाने पेमेंट भरायचं आणि दुसऱ्याने मंजूर करायचं अशी सोय असते, ती घेतली.

अवघड होतं ते अधिकार देणं. काम मी आधीही सांगतच होतो. पण प्रत्येक गोष्ट "दादांना विचारतो" म्हणून माझ्याकडे परत यायची. मग एका कागदावर लिहून भिंतीला लावलं: दहा हजारांपर्यंतचं टूलिंग मामा न विचारता घेतील. पहिला पीस सुपरवायझर पास करेल. रजा ताई मंजूर करतील. तिसऱ्याच आठवड्यात मामांनी चुकीच्या ग्रेडचे इन्सर्ट घेतले, साडेआठ हजारांचे. दुकानदार परत घेईना. कागद काढून टाकावा असं मला त्या संध्याकाळी खूप वाटलं. पण काढला असता तर पुन्हा कोणी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला नसता. मामा स्वतःच दुसऱ्या दिवशी वही घेऊन आले. कुठल्या मटेरियलला कुठली ग्रेड, ते त्यांनी लिहून काढलं होतं. आज नवीन पोरं ती वही बघून काम करतात.

मागच्या वर्षी आईला घेऊन आठ दिवस कोकणात गेलो. कंपनीतून दोन फोन आले, दोन्ही खरोखर माझ्यासाठीच होते.

कोटेशन मात्र अजून मीच काढतो. सायकल टाइम (एका पीसला लागणारा वेळ), टूलचं आयुष्य, रिजेक्शन किती धरायचं, हा हिशोब माझ्या डोक्यातच आहे. डिप्लोमा झालेला एक मुलगा गेल्या दिवाळीपासून दर शनिवारी दोन तास माझ्याशेजारी बसतो. परवा त्याने काढलेला दर माझ्यापेक्षा सात रुपयांनी कमी आला. कुठे फरक पडला ते आम्ही दोघं अजून शोधतोय.